बखर आणि दप्तर : मुंबईच्या एका मुक्त संगणकप्रणालीचे वाचन

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे जे गाळे आहेत, त्यांतल्या तीन गाळ्यांचे हिशेब मी गेली चोवीस वर्षे लिहितो. राहायला जेसल पार्कात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिन्हीकडून बोलावणे असते. पूर्वी पाटावर लाल कापडी बांधणीची नवी चोपडी ठेवत. पहिल्या पानावर स्वस्तिक, त्याखाली ‘श्री’, कडेने झेंडू. आता पाटावर लॅपटॉप असतो. शेटजी त्याच्या झाकणावर कुंकवाचे बोट टेकवतात आणि मला म्हणतात, ‘भाऊ, एकदा चालू करा, म्हणजे पूजा पोचेल.’

काही वर्षांपूर्वी पूजा पोचली, पण हिशेब पोचला नाही. दिवाळीनंतर आठच दिवसांत एका गाळ्याला मागील वर्षांचे खातेउतारे दाखवण्याची वेळ आली. ते ज्या प्रणालीत लिहिले होते ती चालवायला एक डोंगल लागे. डोंगल मेले होते, आणि ज्यांनी ते विकले त्यांचा फोन लागत नव्हता. नाव घेण्यात अर्थ नाही. त्यांनी करारात लिहिल्याप्रमाणेच सगळे केले होते. माहिती आमची, आकडे आमचे, रात्री जागून मी केलेल्या नोंदी माझ्या. पण त्या ज्या पेटीत होत्या तिची किल्ली आमची नव्हती. कागदावर छापून ठेवलेल्या प्रती माळ्यावरच्या ओलीने चिकटून लगदा झाल्या होत्या. गंमत अशी, की त्याच माळ्यावर शेटजींच्या वडिलांच्या काळातली चोपडी होती आणि तिच्यातली ओळन् ओळ वाचता येत होती. त्या आठवड्यात माझी नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून, कुलूप नसलेली हिशेबप्रणाली कोणी करते का आणि का करते, या प्रश्नाच्या मागे लागलो. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षापाशी थांबले. संगणकाचे आणि कोशवाङ्मयाचे जे काही येते ते रात्रीचे आणि लोकलमधले.

उद्योजकांवरचे मराठी लेखन आपल्या दिवाळी अंकांतूनही भरपूर येते. त्याचा साचा ठरलेला : आरंभी हलाखी किंवा हट्ट, मध्ये एक साक्षात्काराचा क्षण, मग चढण, आणि शेवटी ‘नेतृत्वाचे धडे’. या लेखनाला मी ‘बखर’ म्हणतो. शब्द निंदेने वापरत नाही. बखरीला स्वतःची शैली असते, आणि ती खोटीच असते असे नाही. मात्र ती जिंकल्यानंतर, जिंकणाऱ्याच्या अंगणात बसून लिहिलेली असते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी अस्सल कागदाचा जो आग्रह धरला, तो याच कारणाने. बखरकार पराक्रम सांगतो. दप्तरात पागेच्या दाण्याचा खर्च, उशिरा पोचलेली रसद आणि नाकारलेला अर्ज सापडतो.

उद्योगाच्या बाबतीत दप्तर सहसा मिळत नाही. कंपनीच्या कपाटात कोणाला शिरू देणार? पण मुक्त संगणकप्रणाली हा एक अपवाद आहे. तिथे मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी, उघड्यावर असतात. कोणती ओळ कोणी, कोणत्या तारखेला, काय कारण देऊन बदलली हे लिहून ठेवलेले असते. आणि बाहेरच्या माणसाने सुचवलेला बदल नाकारला असेल, तर तो नकार आणि त्यावरची वादावादीही तिथेच पडून असते. या नोंदी ठेवणारे ‘गिट’ हे साधन खुद्द अशाच एका कुलपातून जन्मले. लिनक्सच्या मंडळींना बिटकीपर नावाचे खाजगी साधन फुकट वापरायला मिळत होते. ती सवलत काढून घेतली गेली तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये स्वतःचे साधन लिहायला घेतले. समीक्षकाच्या दृष्टीने ही पर्वणी आहे. नेत्याने स्वतःबद्दल काय सांगितले हे बाजूला ठेवून, त्याने काय स्वीकारले आणि काय नाकारले हे वाचता येते.

असे दप्तर असलेली एक कंपनी आपल्या मुंबईत आहे. नाव फ्रॅपे, तिची मुख्य प्रणाली ईआरपीनेक्स्ट. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, हिशेब हे सगळे एका जागी ठेवणारी. जगभर लहानमोठे कारखाने ती वापरतात. तिची बखर थोडक्यात अशी : ऋषभ मेहता हे औद्योगिक अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ. घरचा फर्निचरचा धंदा. धंद्यासाठी प्रणाली बसवायला गेले, मनासारखे जमेना, म्हणून स्वतःच लिहायला बसले. २००८ मध्ये कंपनी काढली, तेव्हा तिचे नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज होते. पुढे प्रणाली मुक्त केली. २०२० मध्ये झिरोधाच्या रेनमॅटर या निधीने कंपनीत पैसे घातले. झिरोधा स्वतः ही प्रणाली वापरणारी. म्हणजे गिऱ्हाईकच भागीदार झाले. त्याच वर्षी मुक्त प्रणालींच्या प्रसारासाठी फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था उभी राहिली, तिच्याही मुळाशी हीच दोन घरे.

बखर इथे संपते. आता दप्तर.

ईआरपीनेक्स्टच्या नोंदी गिटहबवर २०११ पासून वाचता येतात. जुन्या थरात शिरले की पहिली गोष्ट दिसते ती नावाची. सगळ्या संहितेत ठिकठिकाणी ‘वेबनोट्स’ हा शब्द पेरलेला आहे. २०१४ मध्ये, चौथ्या आवृत्तीच्या वेळी, तो पुसून ‘फ्रॅपे’ लिहिला गेला. जुन्या पोथीत एका हाताचे अक्षर संपून दुसऱ्या हाताचे सुरू व्हावे तसे हे वाटते. पण यात नुसती हौस नव्हती. प्रणालीचा पाया आणि वरची इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची समज पक्की होत गेलेली त्या थरांत दिसते. फ्रॅपे हा पाया : कोणत्याही कामाचा तक्ता, अर्ज, परवानगी मांडता येईल अशी चौकट. ईआरपीनेक्स्ट ही त्यावरची एक इमारत. पायावर दुसऱ्याने दवाखान्याची किंवा शाळेची इमारत बांधली तरी चालेल.

या समजुतीतून दुसरी गोष्ट आली, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. पायाला एक परवाना आहे, इमारतीला दुसरा. इमारतीला जीपीएलची तिसरी आवृत्ती लावली आहे. तिचा अर्थ साध्या भाषेत असा : घ्या, वापरा, वाचा, बदला, विका, पण बदललेली प्रणाली दुसऱ्याला देताना हीच मोकळीक त्यालाही द्या. पायाला एमआयटी परवाना, जो त्याहून सैल : घ्या आणि काहीही करा, आमचे नाव आणि परवान्याचा मजकूर तेवढा ठेवा. एकाच घरातल्या दोन वह्यांना दोन कायदे का? ज्याच्यावर पोट चालते त्या वहीला अट घातली, म्हणजे ती घेऊन कोणी बंद पेटीत कोंबून विकू नये. ज्या पायावर जास्तीत जास्त लोकांनी बांधावे अशी इच्छा आहे, त्याला अटच नको. नेतृत्व म्हणून जे काही वाखाणायचे ते मला या जोडनिर्णयात दिसते. भाषणात उदारपणा सांगणे सोपे. इथे कुठे उदार व्हायचे आणि कुठे सावध राहायचे, हे कागदावर उतरवून स्वतःचे हात बांधून घेतले आहेत. कारण एकदा या अटींवर बाहेर गेलेली आवृत्ती परत मागता येत नाही. उद्या मालकाची मती फिरली, तरी आजची प्रत लोकांच्या हाती राहते. माझ्या शेटजींना मी हे समजावले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे चोपडी आपल्या माळ्यावर.’ यापेक्षा नेमके भाष्य मला कोणत्या पुस्तकात आढळले नाही.

मग नेत्याकडे उरते काय? नाव उरते, ईआरपीनेक्स्ट हे चिन्ह कोणी आपल्या दुकानावर कसे लावावे हे कंपनी ठरवू शकते. सर्व्हर उरतात, प्रणाली फुकट असली तरी ती रात्रंदिवस चालती ठेवून देण्याचे पैसे घेता येतात, आणि मिळकत मुख्यतः तिथून आणि मदतसेवेतून होते. आणि उरतो तो स्वीकार-नकाराचा अधिकार. बाहेरून आलेला बदल मूळ प्रतीत घ्यायचा की नाही हे ज्याच्या हाती, त्याला या जगात ‘मेंटेनर’ म्हणतात. मराठीत मला त्याला ‘पुढारी’ म्हणवत नाही. पेशवाईतला ‘फडणीस’ जास्त जवळचा. हुकूम कोणाचाही असो, फडाच्या दप्तरी नोंद झाल्याखेरीज तो पुढे सरकत नसे. लढाई दुसरा करी, दौलत तिसऱ्याची, पण नोंदीचे दार फडणिसाकडे. हे दार उघडे ठेवणे आणि तरी प्रत्येकाला आत न घेणे, हे या कामातले खरे कौशल्य. आणि ते फार कंटाळवाणे आहे. नोंदी वाचताना त्याची प्रचीती येते : कोणाला आपल्या देशाचा कर हवा, कोणाला छापील पावतीवर चार ओळी वाढवून हव्यात, कोणी फुकट वापरत असूनही तातडीने दुरुस्ती मागतो आणि मिळाली नाही की रागावतो. यात दिव्य काही नाही.

दप्तरातली तिसरी नोंद २०२२ ची. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हिशेबनिसांचे काय हाल झाले ते मी अंगावर काढले आहे. नियम महिन्यामहिन्याला बदलत. ईआरपीनेक्स्टमध्ये भारतीय करांचा भाग पूर्वी मूळ प्रणालीतच गुंफलेला होता. चौदाव्या आवृत्तीच्या वेळी तो बाहेर काढला आणि त्याच्या जागी ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाची स्वतंत्र जोडप्रणाली आली. ती फ्रॅपेने लिहिलेली नाही, रेझिलियंट टेक या दुसऱ्या कंपनीने लिहिली आणि तीच सांभाळते. कर्मचाऱ्यांच्या पगार-रजेचा भागही त्याच आवृत्तीत वेगळा झाला, पण तो घरातच राहिला. भारतातल्या गिऱ्हाइकाला ज्याच्याशिवाय एक दिवस चालणार नाही असा कराचा भाग बाहेरच्याच्या हाती सोपवणे, ही गोष्ट कोणत्याही बखरीत नाट्यमय वाटणार नाही. मला मात्र ‘समुदाय’ या शब्दाची पहिली खरी खूण इथे दिसली. तोवर तो शब्द मी थोड्या संशयानेच वाचत होतो.

संशयाचे कारण सांगतो. मुक्त प्रणालींवर मराठीत जे थोडे लिहिले-बोलले जाते, त्यात वारीचा दृष्टान्त हमखास येतो : कोणी बोलावत नाही, तरी सगळे चालतात वगैरे. ऐकायला गोड आहे. पण वारीत दिंडीचे कोणी भाग विकत नाही आणि पंढरपुरात पोचल्यावर नफ्याचे वाटपही नसते. ज्या घरात गुंतवणूकदार आहे, पगारी माणसे आहेत आणि शिवाय बिनपगारी हातभार लावणारेही आहेत, त्या घराला वारी म्हणणे म्हणजे हिशेब झाकणे. बिनपगारी हाताने लिहिलेल्या ओळीवर पगारी घर चालते, हे सत्य आहे. ते अन्याय्यच आहे असे नाही, कारण उलट दिशेनेही तसेच घडते. पगारी हाताने लिहिलेले आमच्यासारख्या हजारो गाळ्यांना फुकट मिळते. पण ही देवाणघेवाण आहे, आणि देवाणघेवाणीत तंटा होतो.

तो कसा होतो हे बाहेरच्या जगात पाहावे. २०१८ मध्ये मोंगोडीबीने, २०२१ मध्ये इलॅस्टिकने, २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने, २०२४ मध्ये रेडिसने आपापले परवाने घट्ट केले. तक्रार बहुतेकांची सारखी : आम्ही राबतो आणि मोठमोठे सर्व्हरवाले आमचे फुकट घेऊन त्यावर पैसे करतात. तक्रार खोटी नव्हती. पण ज्यांनी मोकळ्या परवान्याच्या भरवशावर आपला धंदा किंवा आपल्या रात्री त्यात घातल्या होत्या, त्यांना दार लावल्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी जुनी, अजून मोकळी असलेली प्रत उचलली आणि वेगळी चूल मांडली : इलॅस्टिकमधून ओपनसर्च, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून वाल्की. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघेही मुक्त परवान्याकडे परतले. तोवर चुली पेटलेल्या होत्या. वर्डप्रेसची गोष्ट वेगळी आणि जास्त बोधप्रद. तिथे परवाना शाबूत होता. २०२४ च्या सप्टेंबरात संस्थापक मॅट मलनवेग यांचे डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी भांडण झाले, तेव्हा त्यांनी नाव आणि दार ही उरलेली दोन हत्यारे उपसली. त्या कंपनीचा मध्यवर्ती भांडाराकडे जाणारा रस्ता तोडला, आणि तिची एक लोकप्रिय जोडप्रणाली त्या भांडारात स्वतःच्या ताब्यात घेतली. डिसेंबरात न्यायालयाने रस्ता पुन्हा खुला करायला लावला. परवाना मोकळा असला म्हणजे फडणीस न्यायी असतोच असे नाही, एवढे यातून कळते.

उलट टोकाला पायथन ही भाषा, जिच्यात फ्रॅपेही लिहिलेली आहे. तिचा जनक गीडो फान रॉसम २०१८ च्या जुलैत एका छोट्या चिन्हावरून झालेल्या वादानंतर थकून बाजूला झाला, आणि पुढच्या वर्षी पाच जणांचे निवडलेले मंडळ कारभार पाहू लागले. भाषा मेली नाही. फ्रॅपेच्या बाबतीत ही परीक्षा अजून व्हायची आहे. संस्थापक बाजूला झाल्यावर दार कोणाकडे, हा प्रश्न दप्तर वाचून सुटत नाही. आणि गुंतवणूकदार समंजस आहे यावर विसंबणे म्हणजे पुन्हा बखरीवरच विसंबणे.

हे सगळे वाचताना मला सारखे केतकर आठवत राहिले. मराठी वाचकाला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे ज्ञानकोशकार म्हणून माहीत आहेत. ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्यांचे लेखक म्हणूनही. पण ते एका कंपनीचे संस्थापक होते, हे आपण विसरतो. कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन १९१२ मध्ये परत आलेल्या या माणसाने कोशासाठी ना संस्थानिकाच्या आश्रयावर भिस्त ठेवली, ना सरकारच्या. नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली. पुढे काम पुण्याला आले. १९२० ते १९२९ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड निघाले. सार्वजनिक ज्ञानासाठी भागभांडवलाची कंपनी : शंभर वर्षांपूर्वी मराठीत हा प्रयोग झालेला आहे, आणि त्याच्या प्रमुखाने त्याचा वृत्तान्तही स्वतः लिहिला आहे. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’.

या शीर्षकापाशी मी बराच थांबलो आहे. ‘माझे काम’ आणि ‘मंडळाचा इतिहास’ यांच्यामध्ये केतकरांनी ‘आणि’ घातलेला नाही, ‘ऊर्फ’ घातला आहे. म्हणजे ही एकाच वस्तूची दोन नावे. मंडळ म्हणजे मी. केतकरांचा राबता आणि त्यांच्यावर झालेली टीका पाहता हा अहंकार क्षम्य वाटतो. त्यांच्याशिवाय ते काम उभे राहिले नसते हे खरेच. पण नेतृत्वाचा संपूर्ण पेच त्या एका ‘ऊर्फ’मध्ये सापडतो. आजच्या संस्थापकांच्या लेखनात ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ आणि ‘समुदाय’ हे शब्द येतात. तो बदल मनातला आहे की व्याकरणातला, हे तपासायला दप्तर लागते. ज्ञानकोशात कोणता लेख कोणाच्या मेजावर किती वेळा फिरला, कोणाचा परिच्छेद संपादकाने उडवला, याची ओळीओळीची नोंद आपल्याकडे नाही. फ्रॅपेची आहे. एका गाळ्याचा हिशेबनीस म्हणून नव्हे, कोशांचा वाचक म्हणून मला या फरकाचा हेवा वाटतो.

तरीही ज्ञानकोशाचा खरा समुदाय होता, आणि तो कुठे दिसतो? केतकरांच्या पुस्तकात नव्हे, पुढच्या कोशात. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे ज्ञानकोशाच्या कामात तयार झाले. ज्ञानकोश संपल्यावर त्यांनी इतरांसह महाराष्ट्र कोशमंडळ ही आणखी एक लिमिटेड संस्था उभारली आणि १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले, पुरवणी १९५० मध्ये आली. संगणकाच्या भाषेत याला ‘फोर्क’ म्हणतात, फक्त भांडणाशिवायचा. संहिता नेली नाही, रीत नेली : शब्द कसा गोळा करायचा, चिठ्ठी कशी लावायची, कंपनी कशी चालवायची. केतकर १९३७ मध्ये गेले. शब्दकोश त्यानंतरही पुरा झाला. नेत्याच्या हयातीतच त्याची माणसे त्याच्यावाचून काम करू शकली, हे माझ्या मते केतकरांच्या बाजूने पडणारे सर्वांत मोठे माप आहे, आणि आपल्या ‘माझे काम’मध्ये ते त्यांनी मोजलेले नाही, मोजणे शक्यही नव्हते.

कोशांचे पुढे काय झाले तेही पाहा. ज्ञानकोशाचे खंड कित्येक दशके मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांत राहिले. भाईंदरहून ते पाहायचे तर दादरपर्यंतचा प्रवास, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो त्या दिवशी रजेवर. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ज्ञानकोश संगणकावर सर्वांसाठी खुला केला. दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाने. आता मी ते लोकलमध्ये उभ्याने वाचतो. हा लेख मी ज्या अक्षरांत लिहितो आहे तीही मोकळी आहेत. रेड हॅटने २००४ मध्ये बाहेर काढलेल्या आणि पुढे तिच्या पुण्याच्या कचेरीत सांभाळल्या गेलेल्या ‘लोहित’पासून मुंबईच्या एक टाइपच्या ‘मुक्ता’पर्यंत, देवनागरीचे हे वळण कोणाला डोंगल लावून वापरावे लागत नाही. मराठी साहित्याच्या चर्चेत या लोकांची नावे यायला हवीत असे मला वाटते. छापखान्याच्या खिळ्यांचा इतिहास आपण लिहितो. हा त्याचाच पुढचा भाग आहे.

आता फ्रॅपेविषयीची माझी मुख्य तक्रार. ती परवान्याची नाही, भाषेची आहे, आणि दोष एकट्या कंपनीचा नाही. मुंबईत जन्मलेल्या या प्रणालीचा सगळा कारभार, चर्चा, नकार, वाद इंग्रजीत चालतो. दप्तर उघडे आहे, पण ज्या लिपीत आहे ती गाळ्यावरच्या माणसाला येत नाही. मोडी न येणाऱ्याला पेशवे दप्तर जितके उघडे, तितकेच हे. प्रणालीच्या पडद्यावरचे शब्द मराठीत करण्याची सोय कंपनीने फार पूर्वीपासून ठेवलेली आहे. मराठीची फाइल तिथे वर्षानुवर्षे आहे. दार आहे, आत जाणारे नाहीत. आणि हिशेब हा असा विषय आहे की ज्यात मराठीला उसने काही घ्यायची गरज नाही. जमा आणि नावे, कीर्द आणि खतावणी, तेरीज, ताळेबंद : हे शब्द आपल्या दप्तरांत कित्येक पिढ्या राबले आहेत. ‘खतावणे’ या क्रियापदात एक संपूर्ण कृती आहे. एका वहीतली रक्कम उचलून दुसऱ्या वहीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणे. हे क्रियापद आमच्या गाळ्यातल्या पंचविशीच्या मुलाला माहीत नाही, तो ‘एंट्री पोस्ट मारतो’. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या पडद्यावर तो शब्द कधी आलाच नाही.

इथे मला माझाही हिशेब द्यायला हवा. ईआरपीनेक्स्ट मी एका जुन्या संगणकावर बसवली, दोन वर्षे एका गाळ्याचा जमाखर्च समांतर लिहून पाहिला आणि मग शेटजींना राजी केले. त्या काळात हिशेबाच्या शब्दांची एक यादी केली. चाळीस शब्द. दाते-कर्व्यांत पाहिले, मोल्सवर्थमध्ये पाहिले, माळ्यावरच्या चोपडीत पाहिले. यादी पाठवायची म्हणजे इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या, आणि कोणी अनोळखी माणूस ती सर्वांसमक्ष तपासणार, कदाचित नाकारणार. केतकरांच्या ‘ऊर्फ’वर एवढे लिहिणारा मी, त्या दोन ओळींपाशी तीन वर्षे अडलो आहे. समुदाय मोठा का होत नाही याची कारणे नेत्यात शोधताना हे कारण कुठे नोंदवायचे ते मला कळलेले नाही. न पाठवलेल्या बदलाची नोंद कोणत्याच दप्तरात नसते.

यादीतले एकोणचाळीस शब्द ठरले आहेत. ‘जर्नल’पाशी गाडी अडते. शब्दकोशाच्या आधाराने ‘कीर्द’ म्हणावे, की शाळेतल्या पुस्तकांप्रमाणे ‘रोजकीर्द’? आमच्या गल्लीत गुजराती आणि मराठी दोघेही रोजच्या वहीला ‘रोजमेळ’ म्हणतात, पण तो रोकडीचा. जर्नलमध्ये तर रोकड नसलेलेही व्यवहार येतात. शेटजींना विचारले. ते म्हणाले, ‘जर्नलच ठेवा ना भाऊ, कोण अडवतंय?’ गाळ्यातल्या मुलाला विचारले, तर त्याने कीर्द म्हणजे काय ते आधी सांगा म्हटले. मी माळ्यावरून चोपडी खाली आणली आणि त्याला पहिले पान दाखवले.